टाळ्या नकोत, जाब विचारा

परवा एका मित्राला पुस्तक दिलं. दोन दिवसांत परत. अभिप्राय काय, तर "क्यूट आहे रे! चौदा वर्षांची पोरगी आणि काय डेअरिंग!" माझं डोकंच फिरलं.

पुस्तक म्हणजे टी. किंगफिशरचं (खरं नाव अर्सुला व्हर्नन) 'अ विझार्ड्स गाइड टू डिफेन्सिव्ह बेकिंग', २०२० सालचं. २०२१ मध्ये त्याला किशोर वाचकांच्या पुस्तकांसाठीचं लोडस्टार अवॉर्डही मिळालं. नायिका मोना आंटीच्या बेकरीत काम करते. तिची जादू चालते फक्त पावावर आणि पिठाच्या गोळ्यावर. जिंजरब्रेडचा बाहुला ती चालवते, तळघरात बॉब नावाचं खमीर पाळते. इथपर्यंत क्यूट, मान्य :)

पण पुढे काय होतं? राज्यातला एक वजनदार अधिकारी फितूर होतो. शहरातले जादूगार मारले जातात, उरलेले पळतात. सैन्य दूर गेलेलं, आणि भाडोत्री फौज वेशीवर. डचेसला संशय असतो, पण ती भितीपोटी गप्प बसते. आणि शहर वाचवायची जबाबदारी येते कुणावर? पाव भाजणाऱ्या पोरीवर!

मित्र म्हणतो, "अरे फँटसी आहे, मुलंच लढणार ना." बरोबर. पण बहुतेक गोष्टी मोठ्यांना गुपचूप रजेवर पाठवतात. इथे मोठी माणसं समोर बसलेली आहेत, आणि मोना चिडलेली आहे: हे काम माझ्यावर आलंच कसं? शेवटी कौतुक होतं, तरी तिचा राग जात नाही. माझ्या मते अख्खं पुस्तक त्या रागासाठी आहे. तो सोडून नुसतं डेअरिंग बघायचं म्हणजे डचेसला फुकटात सोडून द्यायचं.

हे मला इतकं का लागलं? माझ्या एका जुन्या ऑफिसात रात्री दोनला सर्व्हर झोपला. टीममधली सगळ्यात ज्युनिअर मुलगी सकाळपर्यंत एकटी झगडली. सोमवारी तिला सगळ्यांसमोर गिफ्ट व्हाउचर. बॅकअप का नव्हता, तो नाही हे कुणाला आधीपासून माहीत होतं, हे कुणीच विचारलं नाही.

मला माहीत होतं. मी टाळ्या वाजवल्या.

असो. पुस्तक जरूर वाचा. फक्त 'क्यूट' म्हणून परत करू नका.