पाण्याची पिशवी आणि घरातली बिडी

“मी कुठे सिगारेट ओढते?” गरोदरपणात तंबाखूचा विषय निघाला की बहुतेक जणी हेच म्हणतात. खरंच आहे, आपल्याकडे फार कमी बायका सिगारेट ओढतात. पण नवऱ्याची बिडी घरातच पेटते. आणि मिश्रीला तर कुणी तंबाखू म्हणतच नाही, ती दात घासायला असते ना!

पोटातलं बाळ ज्या पाण्यात असतं, ते पाणी धरून ठेवणारी पिशवी दोन पापुद्र्यांची असते. दोन्ही मिळून जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिला बळकटी देतं कोलॅजेन नावाचं प्रथिन. धुरातल्या विषारी घटकांमुळे पिशवीच्या पेशी वेळेआधी थकतात आणि कोलॅजेन कमकुवत होतं. जंतुसंसर्गाचा मार्ग वेगळा. योनीमार्गातले जंतू वर सरकतात, शरीर त्यांच्याशी लढताना सूज येते, आणि त्या लढाईत तयार होणारी रसायनं कोलॅजेनच विरघळवतात. मग 37 आठवड्यांच्या आधीच पिशवी फुटू शकते. दोन्ही कारणं एकत्र आली तर धोका आणखी वाढतो.

संसर्ग म्हटलं की आपल्याला खाज, जळजळ, वास आठवतो. पण कित्येकदा काहीच जाणवत नाही. मी राहते त्या हिनकलच्या शेजारी, म्हैसूरमध्ये, सुमारे 900 तरुण स्त्रियांच्या तपासणीत जवळजवळ दर पाचवीच्या योनीमार्गात जंतूंचं संतुलन बिघडलेलं आढळलं होतं. म्हणून लघवीची तपासणी टाळू नका, आणि पांढरं जास्त जात असेल तर लाजू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी अर्धवट सोडणं हा तर आपल्या घराघरातला आजार!

आता मिश्री. मुंबईतल्या 1217 गरोदर स्त्रियांवरचा एक अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. मिश्री किंवा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅम हलकी होती आणि साधारण 6 दिवस आधी जन्मली. 32 आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. हे आकडे पिशवी फुटण्याचे नाहीत, लवकर बाळंतपणाचे आहेत. तरी मिश्रीची डबी फेकायला एवढं पुरे.

नवरोबांनो, गॅलरीत उभं राहून ओढलं तरी धूर आत येतोच. ओढायचीच असेल तर घरापासून लांब. सोडलीत तर उत्तमच.

आणि अंगावरून पाणी गेलं तर? “लघवी सुटली असेल, सकाळी बघू” असं म्हणून झोपू नका. धार असो की थेंब थेंब, स्वच्छ पॅड लावा, योनीमार्गात काहीही घालू नका, आणि लगेच दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108 लावा. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे हाच नंबर आहे. म्हैसूरकरांना सरकारी चेलुवांबा हॉस्पिटल आहेच. पाणी किती वाजता गेलं, रंग कसा होता, वास किंवा ताप होता का, बाळ हलतंय का, हे डॉक्टर विचारतील. पॅड सोबत न्या.