परमुलखातली शिलेदारी

दसऱ्याला सीमोल्लंघन ही आपली जुनी रीत. पाऊस सरला, नद्यांना उतार मिळू लागले, रानात चारा झाला की मराठी फौजा मुलूखगिरीला बाहेर पडत. म्हैसूरचा दसराही मुळात फौजेचाच सण. जंबू सवारी बन्नीमंटपाकडे निघते तेव्हा आजही सोबत घोडेस्वार चालतात. शमीची पूजा दोन्हीकडे, शस्त्रांची पूजाही दोन्हीकडे. म्हणूनच म्हैसुरातून निघणाऱ्या या दिवाळी अंकासाठी यंदा आम्ही विषय घेतला आहे तो सीमोल्लंघन करून गेलेल्या आणि परत न फिरलेल्या माणसांचा. परक्या मुलखात शिपाई झालेल्यांचा आणि त्यांना लढाईत नेणाऱ्यांचा.

ही कहाणी इथे फार जुनी आहे. 1638 मध्ये आदिलशाही फौजेबरोबर शहाजीराजे बंगळूरला आले. 1664 मध्ये होदिगेरे इथे त्यांचा अंत झाला. समाधी तिथेच, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे. पुढे धनी बदलले, राज्ये बदलली, पण उत्तरेकडून आलेल्या कितीतरी घोडेस्वारांच्या चुली इथेच पेटत राहिल्या. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपूची फौज मोडली आणि हजारो स्वार एका दिवसात बेकार झाले. त्यांतले अनेक जण धोंडजी वाघाच्या मागे गेले. हा धोंडजी चन्नगिरीत जन्मलेला मराठा. 10 सप्टेंबर 1800 रोजी तो लढाईत मारला गेला. दिवाण पूर्णय्यांनी दुसरा मार्ग काढला. जुन्या राजवटीच्या स्वारांना त्यांनी नव्या राज्याच्या चाकरीत घेतले. त्यांत दख्खनी मुसलमान होते, मराठे होते. काल कोणाकडून लढलास, हे विचारून त्यांनी माणूस नाकारला नाही. इंग्रजांबरोबरच्या 1807 च्या तहात म्हैसूरने 4,000 घोडेस्वार बाळगावेत असे कलमच आले.

हे स्वार शिलेदार होते. घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे, पगार सरकारचा. घोडा पडला तर घर बसले. अशा माणसाला तोफांच्या तोंडावर घोडा घालायला सांगणे म्हणजे त्याची सगळी जिंदगी पणाला लावायला सांगणे. शिवछत्रपतींनी सरकारी पागेतल्या बारगिरावर अधिक भर दिला, त्यामागे हीच जाण असावी. घोडा सरकारने दिला की नुकसानही सरकार सोसते आणि स्वार मोकळ्या मनाने लढतो. जोखमीचा भार कोणी उचलायचा, हा नेतृत्वाचा पहिला प्रश्न आहे. बहादुरीचा प्रश्न त्यानंतर येतो.

23 सप्टेंबर 1803. आजच्या जालना जिल्ह्यातले असई. एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, दुसरीकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. त्याच्यासोबत पेशव्यांच्या बाजूने बापू गोखल्यांचे स्वार होते आणि म्हैसूरचे शिलेदारही होते. या शिलेदारांचा सरदार इंग्रजी कागदांत बिस्नाप्पा पंडित या नावाने भेटतो. केळणा नदीच्या दक्षिणेला मराठी घोडदळाला अडवून धरणे हे त्यांचे काम होते. त्या दिवशी नदीच्या दोन्ही अंगांना मराठी बोलणारी माणसे होती. हे वाचताना मराठी मन दुखावते, माझेही दुखावते. पण म्हैसूरच्या शिलेदाराला फितूर ठरवायला माझी लेखणी धजत नाही. त्याची बायकापोरे म्हैसुरात होती, त्याचे मीठ म्हैसूरचे होते.

असईतून शिकायचे ते सेनापतींकडून. उतार नाही असे वाटाड्ये सांगत होते. वेलस्लीने समोरासमोरच्या तीरांवरची पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे पाहिली. दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत तर मधून जाण्या-येण्याची वाट असणारच, असा अंदाज बांधून त्याने फौज नदीपार केली. पण त्याआधी काही वर्षे त्याने म्हैसूरच्या मुलखात रसदीचा अभ्यास केला होता. अमृतमहालचे बैल, तांदळाचे साठे, पूर्णय्यांचा चोख कारभार हे त्याच्या विजयामागचे बळ होते. समोर शिंद्यांचे पायदळ आणि गोलंदाज मात्र विलक्षण झुंजले. शत्रू तोफांवरून पुढे निघून गेल्यावर मेल्यागत पडलेले गोलंदाज पुन्हा उठले आणि त्यांनी त्याच तोफा शत्रूच्या पाठीवर डागल्या. ज्यांच्यासाठी ते लढत होते ते धनी तोवर मैदान सोडून गेले होते. शौर्यात आपण उणे नव्हतो. शिपायाच्या तोलाचा सेनापती त्या दिवशी त्याच्यापाशी नव्हता.

बरोबर 115 वर्षांनी, 23 सप्टेंबर 1918 रोजी, पहिल्या महायुद्धात, म्हैसूरचे घोडदळ पॅलेस्टाईनमधल्या हैफासमोर उभे होते. जुन्या शिलेदारांच्या फौजेची पुनर्रचना होऊन 1892 मध्ये उभे राहिलेले हे म्हैसूर लान्सर्स. जोधपूर लान्सर्सनी समोरून धडक दिली आणि मेजर दलपतसिंह कामी आले. त्याच वेळी म्हैसूरच्या एका तुकडीने कार्मेल डोंगराचा खडा चढ चढून वरच्या तोफा गाठल्या. 1,350 कैदी आणि 17 तोफा हाती आल्या. या लान्सर्सच्या ब्रिगेडची 8 माणसे आणि 60 घोडे पडले. दिल्लीतल्या तीन मूर्तींपैकी एक म्हैसूरच्या त्या स्वारांची आहे. समुद्रापलीकडच्या, कधी नावही न ऐकलेल्या गावासाठी ती माणसे लढली, तीही दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी. त्यांच्या पराक्रमाचा अभिमान बाळगताना हेही विसरू नये.

आपल्या स्वतःच्या सेनापतींची गोष्ट त्यानंतर सुरू होते. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते. कोडगूचे थिमय्या, कोल्हापूरकडचे थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे पदक मिळाले. थिमय्या आणि थोरात दोघेही 1906 चे. कोडगूच्या थिमय्यांकडे हैदराबाद रेजिमेंटची पलटण होती, मराठी थोरातांकडे पंजाबी जवानांची. जवानांची भाषा वेगळी, जेवण वेगळे, देव वेगळे. तरीही त्यांचा भरवसा दोघांनी कमावला.

1953 मध्ये हीच जोडी कोरियात पुन्हा एकत्र आली. घरी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या होते आणि त्या कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख थोरात. बावीस हजारांहून अधिक माणसे आपल्याच देशाला पाठ करून काटेरी तारांआड बसलेली. कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेले तेव्हा थोरातांनी गोळीबाराचा हुकूम दिला नाही. ते स्वतः आत गेले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणले. माझ्या मते कांगॉपेक्षाही मोठी कामगिरी ती हीच.

माझी उमेदीची वर्षे मराठा लाइट इन्फंट्रीत गेली आणि पेन्शनीत म्हैसूर हे घर झाले. पलटणीत आमचे अधिकारी देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून येत. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, मराठीचा गंध नाही, हाताखाली सातारा-कोल्हापूरची मुरलेली माणसे. लांबच्या रूट मार्चनंतर तो रांगेपुढे गुडघ्यावर बसायचा. एकेकाला मोजे उतरवायला लावून तळपायाचे फोड बघायचा आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारायचा, ‘दुखतंय का?’ जवान लंगरात जेवून उठल्याशिवाय त्याचे ताट वाढले जात नसे. महिन्याभरात सुभेदार साहेब त्याला ‘आपला साहेब’ म्हणू लागत. परका असा आपला होतो. भाषणांनी तो कधी होत नाही.

या अंकात अशा घरांच्या आठवणी आहेत, जुन्या छावण्यांवरचे लेख आहेत, आणि शिपायाच्या मागे राहिलेल्या बायकांनी सांगितलेल्या हकिगती आहेत.

वाचकांना एक विनंती. घरातल्या ट्रंकेत आजोबांचे डिस्चार्ज बुक, पेन्शनीचे कागद, पदक असेल तर या सुट्टीत बाहेर काढा, फोटो घ्या, नावे-गावे लिहून ठेवा. राजांचे इतिहास दरबार लिहितो, शिपायाचा इतिहास त्याच्या नातवंडांनीच लिहायला हवा. आणि आज या शहरात पोटासाठी आलेला, आपली भाषा न येणारा जो कोणी तुमच्या हाताखाली काम करत असेल, त्याच्या पायातले फोड बघणारा साहेब तुम्ही व्हा. पूर्णय्यांनी परक्या स्वारांना चाकरी दिली म्हणून आपल्यातल्या कित्येकांची घरे इथे उभी आहेत. ते ऋण असेच फिटेल.



— संपादक