त्रिकोणातली खुर्ची

स्टीरिओचे दोन खोके घरात कुठे ठेवावेत, याचा कायदा कुणी केला हो? जाणकार सांगतात, समभुज त्रिकोण आखा; दोन टोकांना खोके, तिसऱ्या टोकाला तुम्ही. झकास! म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत गाणे नीट ऐकायचे ते एकाच माणसाने, आणि तेही मान न हलवता. बाकीच्या कुटुंबाने काय पाप केले?

मी दोन्ही खोके भिंतीकडे तोंड करून ठेवले आहेत, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. आवाज भिंतीवर आपटून खोलीभर होतो आणि आत पोळ्या लाटणाऱ्या हिच्याही वाट्याला येतो. तंबोरा डावीकडे की उजवीकडे, ते कळत नाही. मैफलीत पंधराव्या रांगेत बसून तरी कुठे कळते?

"अहो, हा अधर्म आहे!" इति आमचे शेजारी. अधर्म कसला? अमर बोस यांच्या १९६८ सालच्या '९०१'मध्ये नऊपैकी आठ स्पीकर मागच्या भिंतीकडेच वळलेले होते. बोस एमआयटीत प्राध्यापक, मी साधा भाडेकरू, एवढाच काय तो फरक. शिवाय मी लावतो बालगंधर्व. त्या जुन्या ७८च्या तबकड्या मुळात मोनो. दोन्ही खोक्यांतून येणार तेच. त्यांना कसला डोंबलाचा त्रिकोण?

कोपऱ्यात सरकवले की खर्ज फुगतो, म्हणून हातभर बाहेर ओढले. तेवढे शास्त्र मीही पाळतो.

परवा शेजाऱ्यांकडे गेलो. ते त्रिकोणात डोळे मिटून बसलेले. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.