इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत

आमच्या घरात तीन इंजिनं आहेत आणि तिन्हींचं ऑइल बदलायची वेळ तीन तऱ्हांनी ठरते. फलटणजवळच्या शेतावर ट्रॅक्टर आहे, तो धाकट्या भावाच्या ताब्यात. हडपसरला माझी पेट्रोल कार आणि बायकोची स्कूटर. ट्रॅक्टरचं ऑइल कधी बदलायचं, असं भावाला विचारलं की तो तास सांगतो. कारचं शोरूमवाले किलोमीटर सांगतात. स्कूटरचं कोपऱ्यावरचा मेस्त्री सांगतो, आणि तो समोर येईल त्या प्रत्येक दुचाकीला एकच आकडा देतो : दोन हजार. या तिघांत भावाचा हिशेब खरा आहे आणि शहरातल्या गाड्यांनाही तोच लागू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

नांगरट करणारा ट्रॅक्टर दिवसभर राबतो आणि संध्याकाळी त्याच वावरात उभा असतो. त्याचे किलोमीटर मोजून काय कळणार? म्हणून त्याच्या डॅशबोर्डवर तासांचा मीटर असतो. इंजिन सुरू असेल तोवर तो पुढे सरकतो, चाकं फिरोत वा न फिरोत. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे फरक पडतो, पण २५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला, ही सूचना ट्रॅक्टरवाल्यांच्या ओळखीची आहे. भाऊ पुढचा आकडा मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवतो. उसाच्या हंगामात तो आकडा लवकर गाठला जातो, पावसाळ्यात रेंगाळतो.

आता हेच गणित कारला लावून बघा. आजच्या बहुतेक पेट्रोल कारच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. सातारा-कोल्हापूर रस्त्यावर ताशी ६० च्या सरासरीने जाणाऱ्या माणसाचे १०,००० किलोमीटर सुमारे १६७ तासांत होतात. हडपसरहून हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाची सरासरी ताशी २० धरली, तर त्याला तेवढ्याच अंतराला ५०० तास लागतात. म्हणजे इंजिन तिप्पट वेळ चाललं, ऑइल तिप्पट वेळ तापलं, आणि मीटरवर आकडा मात्र दोघांचाही एकच. ट्रॅक्टरवर बोजा फार, त्याचं इंजिन वेगळं, त्यामुळे त्याचे २५० तास कारला जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. सिग्नलवर उभ्या गाडीचं इंजिन सावकाश फिरतं, तेव्हा तिथला तास आणि हायवेवरचा तास सारखा नाही, हेही मान्य. पण १६७ आणि ५०० मधली तफावत एवढी मोठी आहे की ती किलोमीटरच्या आकड्याखाली झाकून ठेवणं बरोबर नाही.

स्कूटरची गोष्ट तर याहून बिकट. बायको शिक्षिका आहे आणि तिची शाळा घरापासून दीड किलोमीटरवर. स्कूटर सुरू होते, इंजिन जेमतेम कोमट होतं, तोच शाळेचं फाटक येतं. दुपारी परत तेच. तिच्या स्कूटरचे वर्षाचे किलोमीटर इतके कमी भरतात की कोणाही मेस्त्रीला वाटावं, हिला काय झालंय!

थंड इंजिनात काय घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं; हिवाळ्याच्या सकाळी सायलेन्सरमधून ठिबकतं ते हेच पाणी. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलपर्यंत पोचते. शिवाय थंड इंजिन चालण्यासाठी पेट्रोल जरा जास्त सोडावं लागतं, त्यातलं न जळलेलं पेट्रोलही त्याच वाटेने उतरतं. गाडी अर्धा-पाऊण तास नीट चालली तर ऑइल तापतं आणि पाणी-पेट्रोल बऱ्यापैकी उडून जातं. दीड किलोमीटरमध्ये ते उडत नाही, साठत राहतं. ऑइल पातळ होतं, त्यात आम्ल तयार होतं आणि ते आम्ल मारायला कंपनीने घातलेली रसायनं संपत जातात. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पांढरट, चिकट साय धरलेली दिसली तर तो बहुधा या ओलाव्याचा पुरावा. कारच्या झाकणाला अशी साय दिसली तर कूलंटची पातळीही तपासावी. तिथे कूलंटची गळती हेही कारण असू शकतं.

मजा अशी की कंपन्यांना हे सगळं ठाऊक आहे. अनेक गाड्यांच्या पुस्तकात देखभालीची दोन वेळापत्रकं असतात. एक सर्वसाधारण वापराचं आणि दुसरं कठीण वापराचं. या दुसऱ्यात धुळीचे रस्ते, सतत थांबत-चालत जाणारी रहदारी, लहान लहान फेऱ्या, घाटातली ओझ्याची वाहतूक अशी यादी येते आणि ऑइलची मुदत बऱ्याचदा निम्म्यावर आणलेली असते. पुणे, ठाणे, नाशिकच्या रस्त्यांवर रोज गाडी काढणारा माणूस त्या यादीत बसत नसेल तर कोण बसणार? आपला नेहमीचा वापरच कठीण वापर आहे. पण सर्व्हिसिंगचा फोन येतो तो पहिल्याच वेळापत्रकाप्रमाणे, आणि दुसरं पान मागे, बारीक टायपात, इंग्रजीत पडून राहतं. आमच्या घरच्या दोन्ही गाड्यांची पुस्तकं इंग्रजीतच आहेत.

कोपऱ्यावरच्या मेस्त्रीवर माझा राग नाही. त्याचा दोन हजारांचा आकडा जुन्या काळच्या ऑइलवर आणि कार्बोरेटरच्या इंजिनांवर बेतलेला आहे. मोटरसायकलचं इंजिन लहान, ऑइल जेमतेम लिटरभर, आणि त्याच ऑइलवर क्लच आणि गिअरही चालतात; तेव्हा त्याची काळजी अनाठायी नव्हती. पण आज दुचाकी कंपन्या तीन ते सहा हजार किलोमीटरचे आकडे देतात. वाई किंवा खंडाळ्याहून रोज हायवेने साताऱ्याला जाणाऱ्या नोकरदाराने दर दोन हजारांना ऑइल ओतून द्यावं, हे पैशाचं आणि ऑइलचंही नुकसान आहे. हे काढलेलं काळं ऑइल जातं कुठे, तेही बघा : सेंट्रिंगच्या प्लेटांना, वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला, उरलेलं गटारात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि वापरलेलं ऑइल गोळा करून शुद्ध करून घेण्याची जबाबदारी एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर आहे. गरज नसताना बदललेला प्रत्येक डबा या ओझ्यात भर घालतो.

बोटांत चोळून, ‘काळं पडलंय, गेलं’ असा निकाल देण्याचीही प्रथा आहे. डिझेल इंजिनात नवं ऑइलसुद्धा थोड्याच दिवसांत काळं पडतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून ऑइलचं आयुष्य ठरत नाही. ‘सिंथेटिक टाकलंय, आता दुप्पट चालवा’ हा सल्लाही अर्धवट. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकतं, हे खरं. पण त्यात उतरणारं पाणी आणि पेट्रोल त्याला वगळून जात नाही.

माझा हिशेब साधा आहे. पुस्तकातले किलोमीटर आणि महिने ही कमाल मर्यादा, ती ओलांडायची नाही. तिच्या आत कुठे थांबायचं, ते वापर ठरवतो. अनेक कारच्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो. तो २० च्या आसपास रेंगाळत असेल तर मी दहा हजारांची वाट न बघता पाच हजारांवर ऑइल बदलतो. तो ५० च्या वर असेल तर पुस्तकातली मुदत पुरी वापरावी, गॅरेजवाला काहीही म्हणो. बायकोच्या स्कूटरचं ऑइल किलोमीटर न बघता दर सहा महिन्यांनी. आणि महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे डिपस्टिक काढून पातळी बघतो. पातळी घटली तर ऑइल जळतंय किंवा गळतंय, वाढली तर त्यात इंधन किंवा पाणी उतरतंय. बीएस-सहाच्या डिझेल गाड्या फक्त शहरात फिरवणाऱ्यांनी ही वाढलेली पातळी विशेष बघावी. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ करताना सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं.

पण हे सगळं ग्राहकाने वहीत मांडत का बसावं? इंजिनाचे फेरे आणि तापमान मोजून ऑइलची उरलेली मुदत सांगणारी यंत्रणा जनरल मोटर्सने १९८० च्या दशकातच अमेरिकेत गाड्यांमध्ये आणली. आपल्याकडे ट्रॅक्टरला आणि जनरेटरला तासांचा मीटर असतो. आजच्या स्कूटरवर फोन आला की नाव झळकतं, तिथे इंजिनाचे तास दाखवायला अडचण कसली? इंधन सोडणाऱ्या संगणकाला इंजिन कधी सुरू झालं, किती फिरलं, किती तापलं हे क्षणोक्षणी कळत असतं. वाहन कंपन्यांनी तो आकडा पडद्यावर आणावा, पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी तासांचा रकाना छापावा, आणि कठीण वापराचं वेळापत्रक महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या गाडीसोबत मराठीत, पहिल्या पानावर द्यावं.