कुलूप बदलले, किल्ली तीच!

राजूर (ता. भोकरदन, जि. जालना) : गणपतीमुळे राज्यभर परिचित असलेल्या राजूरच्या परिसरात ‘बीटी’ हा शब्द कापूस उत्पादकांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. या दोन अक्षरांमागे दडलेल्या स्फटिकाची चर्चा मात्र क्वचितच होते. गुलाबी बोंडअळीपुढे बीटी वाण निष्प्रभ का ठरले, याचे उत्तर बव्हंशी त्या स्फटिकाच्या रचनेत सापडते.

बॅसिलस थुरिंजेन्सिस हा जमिनीत आढळणारा जिवाणू आपल्या पेशीत प्रथिनांचे सूक्ष्म स्फटिक तयार करतो. ‘क्रिस्टल’ या शब्दावरूनच या प्रथिनांना ‘क्राय’ हे नाव मिळाले. स्फटिकावर क्ष-किरण सोडले असता ते ठराविक दिशांनी विवर्तित होतात. त्यातून उमटणाऱ्या ठिपक्यांची जागा व तीव्रता मोजून रेणूतील अणूंची मांडणी गणिताने निश्चित करता येते. याच पद्धतीने १९९१ मध्ये ‘क्राय ३ए’ची आणि १९९५ मध्ये ‘क्राय १एए’ची रचना उलगडली. या प्रथिनाचे तीन भाग असल्याचे त्यातून दिसले. पहिला भाग अळीच्या आतड्यातील पेशींना छिद्रे पाडतो. उरलेले दोन तेथील विशिष्ट ग्राहक प्रथिने ओळखून त्यांना चिकटतात. म्हणजे प्रथिन ही किल्ली आणि ग्राहक हे कुलूप.

१९६४ मध्ये जालन्यात स्थापन झालेल्या ‘महिको’च्या बीटी वाणांना मार्च २००२ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली. त्यांत ‘क्राय १एसी’ हे प्रथिन होते. त्याच्या पूर्ण लांबीच्या रेणूची रचना प्रसिद्ध झाली ती २०१४ मध्ये, मान्यतेनंतर बारा वर्षांनी. दरम्यान, २००६ मध्ये ‘क्राय २एबी’ची जोड असलेले वाण बाजारात आले. दोन्ही प्रथिनांची कुलुपे वेगळी असल्याने एक निकामी झाले तरी दुसरे लागू पडेल, हा त्यामागील हिशेब होता.

तो फार काळ टिकला नाही. गुजरातमधील गुलाबी बोंडअळी ‘क्राय १एसी’ला दाद देत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दुसरे प्रथिनही निष्प्रभ ठरले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातील कपाशीला मोठा फटका बसला. प्रतिकारक्षम अळ्यांच्या अभ्यासात कॅडहेरिन व एबीसीए२ या, अनुक्रमे पहिल्या व दुसऱ्या प्रथिनाशी संबंधित, आतड्यातील प्रथिनांच्या जनुकांत बदल आढळले. किल्ली तीच राहिली. अळीने कुलूप बदलले.

रचना समजली म्हणजे उपाय हाती आला, असे नव्हे. बीटीच्या ४५० ग्रॅम पाकिटासोबत मिळणारे १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे प्रतिकारक्षमता लांबविण्यासाठीच होते. अनेकांनी ते पेरलेच नाही. फरदडीने अळीला पुढील हंगामापर्यंत आसरा दिला.

भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिन-स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणवाहिनी उभारली आहे. नवी किल्ली घडविण्याची साधने त्यामुळे देशात आहेत. मात्र, शिवारातील शिस्त आणि तिचा लाभ पटवून देणारी यंत्रणा नसेल, तर पुढचे कुलूपही असेच बदलले जाईल.