भरून आलेल्या मांड्या आणि मैदानी चाचणी

पोलीस भरतीची चाहूल लागली की जालना, अंबड, भोकरदनच्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या मुलामुलींची गर्दी वाढते. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र जालन्यातच असल्याने वर्दीचे स्वप्न इथल्या घराघरांत आहे. शिपाईपदाची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावणे व गोळाफेक. तारीख जवळ आली की सरावाचा जोर एकदम वाढतो, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि दुखतंय म्हणजे अंगी लागतंय, या समजुतीने त्याच पायांनी पुन्हा पळवले जाते. ही समजूत मुलांचे नुकसान करते.

हे दुखणे लॅक्टिक ॲसिडचे नव्हे. ते तासाभरात रक्तातून निघून जाते. बैठकीत खाली जाताना किंवा उतारावरून पळताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि त्याचे सूक्ष्म तंतू विस्कटतात. दुखणे म्हणूनच उशिरा येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते.

त्या काळात बदल फक्त स्नायूत होत नाही. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय आपसूक उडतो. स्नायू ताणल्याची खबर मज्जारज्जूपर्यंत जाते आणि मेंदूला न विचारता आकुंचनाचा हुकूम परततो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास हे सारे घडते. धावताना पाऊल टेकले की हीच प्रतिक्षिप्त क्रिया पोटरी आणि मांडीला ऐनवेळी ताठ करते. फिनलंडमधील संशोधकांनी मॅरेथॉननंतर आणि थकवणाऱ्या उड्यांनंतर ती मोजली, तेव्हा ती मंदावलेली आढळली. उड्यांनंतर तर ती थोड्या वेळात सावरली आणि पुढच्या एक-दोन दिवसांत, दुखणे चढले तशी, पुन्हा घसरली.

कारण काय? दुखावलेल्या स्नायूतील सूज आणि रसायने तिथल्या बारीक मज्जातंतूंना चेतवतात आणि त्यांचे संदेश मज्जारज्जूतील या क्रियेला लगाम घालतात, हे एक स्पष्टीकरण. ताण टिपणारी स्नायूतील संवेदी यंत्रणाच ढिली पडते, हे दुसरे. यांतला फरक ओळखण्यासाठी पाउल हॉफमन यांनी १९१० च्या सुमारास मांडलेली पद्धत कामी येते; तीत विजेचा हलका झटका थेट मज्जातंतूला देतात, त्यामुळे ती यंत्रणा वगळली जाते. या चाचणीचे निष्कर्ष मात्र सर्व अभ्यासांत सारखे नाहीत. दोन्ही कारणे कमीअधिक खरी असावीत, असे आम्हाला वाटते.

उमेदवाराच्या दृष्टीने मात्र चित्र पुरेसे स्पष्ट आहे. अशा दिवसांत स्नायूचा जोर घटतो, आपण किती जोर लावतो आहोत आणि गुडघा किती वाकला आहे याचा अंदाजही चुकतो. मनाची जिद्द हे भरून काढू शकत नाही. वेदनाशामक गोळीने दुखणे दबेल, विस्कटलेले तंतू जुळणार नाहीत.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यातले, आणि २०१८ चा महाराष्ट्र केसरीचा आखाडाही जालन्यातच रंगला. बलोपासना इथे परकी नाही. पण तालमीतला पैलवान शेकडो बैठका मारूनही दुसऱ्या दिवशी उभा राहतो, तो वर्षानुवर्षे थोडेथोडे वाढवत आलेला असतो. स्नायूला एकदा सोसवेल असा नवा भार दिला की पुढचे काही आठवडे त्याच भाराने तो फारसा दुखत नाही, हे सिद्ध झालेले आहे. महिनाभरात पैलवानाची बरोबरी करू पाहणाऱ्या मुलाला ही सवड मिळत नाही.

म्हणून भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांनी बैठका आणि उतारावरच्या धावा पहिल्या आठवड्यापासून थोड्या प्रमाणात सुरू कराव्यात; चाचणीआधीच्या तीन-चार दिवसांत जोराचा किंवा नवा व्यायाम पूर्ण थांबवावा, हलके चालणे-पळणे पुरे. आणि अतिश्रमानंतर लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्या मुलाला मैदानावर न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, कारण तुटलेल्या स्नायूतील द्रव्य मूत्रपिंडे निकामी करू शकते.