वंदन झाले, वाचनाचे काय?

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास आपण एकत्र येतो. त्रिसरण-पंचशील होते, परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण केला जातो, मुले पाठ केलेली भाषणे म्हणून दाखवितात, स्नेहभोजन होते आणि आपण आपापल्या घरी परततो. ह्या सोहळ्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परमुलुखात समाज टिकून राहतो तो अशाच गाठीभेटींनी. परंतु ह्या साऱ्या आनंदात एक प्रश्न कोणी कोणास विचारीत नाही. गेल्या वर्षभरात आपण बाबासाहेबांचे कोणते पुस्तक वाचले? हा प्रश्न कोणी खरोखरच विचारला, तर सभागृह बराच वेळ निःशब्द राहील अशी आमची समजूत आहे. त्यावर उपाय म्हणून एक साधी सूचना येथे मांडावयाची आहे. आपल्यातील पाच-सात मित्रकुटुंबांनी मिळून एक वाचनमंडळ सुरू करावे, आणि ते संगणकाच्या पडद्यावर, म्हणजे ऑनलाइन भरवावे.

साधन नवे असले तरी कल्पना नवी नाही. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने ग्रंथालये आणि अभ्यासमंडळे काढण्याचाही समावेश होता. ज्या समाजाला सार्वजनिक पाणवठा बंद होता, त्या समाजासाठी काढलेल्या संस्थेने पुस्तकाची गरज पहिल्याच दिवशी ओळखली होती. सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले आणि मुंबईत मोफत वाचनालय चालविले. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा आहे. वाचनालयाची योजना त्याच्या आधीची आहे. हा क्रम आपण विसरता कामा नये.

ही दृष्टी आपणा स्थलांतरितांना विशेष जवळची वाटावी, कारण तीही परदेशातल्या एका विद्यार्थ्याच्या जीवनात घडली. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे २००० जुनी पुस्तके जमविल्याचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. १९१७ साली ते मायदेशी परतले त्या वेळी महायुद्ध चालू होते, आणि त्यांचे वेगळे पाठविलेले सामान जहाजाबरोबर समुद्रात बुडाले. तरी ग्रंथसंग्रह थांबला नाही. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले गेले तेही पुस्तकांना पुरेशी जागा मिळावी म्हणून. परदेशी आलेला माणूस काय जमवितो, ह्याचा हा एक आदर्श आपल्यासमोर आहे.

आता आपल्या हॅरिस पार्ककडे वळू. विग्रॅम स्ट्रीटवर मिठाईपासून मंगळसूत्रापर्यंत सर्व काही मिळते. येथील रहिवाशांत भारतात जन्मलेल्यांचे प्रमाण फार मोठे आहे. आपली मुले शाळेच्या सहलीबरोबर येथील एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज पाहून येतात. जेम्स रूस कोण होता, १७९३ साली त्याची जमीन विकत घेणारे शल्यचिकित्सक जॉन हॅरिस कोण, आणि त्यापूर्वी ह्या भूमीवर दारुग लोकांपैकी बुरामट्टागल कुळाची वस्ती होती, हे ती घरी येऊन आपणांस समजावून सांगतात. ते योग्यच आहे. ज्या भूमीवर राहावयाचे तिचा इतिहास माहीत असावा. परंतु हीच मुले चवदार तळ्याविषयी विचारल्यास भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील चित्राकडे बोट दाखवितात. दोष मुलांचा नाही. शाळेने आपले काम केले, घराने केले नाही.

घरांची अडचणही आम्ही जाणतो. कोणी वेस्टमीडच्या रुग्णालयांत पाळ्या करतो, कोणी रात्री टॅक्सी चालवितो, विद्यार्थी तिघे-चौघे मिळून एका सदनिकेत राहतात आणि आठवडाअखेर हॉटेलांत राबतात. ज्या घरात तान्हे मूल आहे तेथील मातेस सायंकाळी बाहेर पडणे म्हणजे दिव्यच. शिवाय आपली कुटुंबे सिडनीभर विखुरलेली, मित्र मेलबर्नला, भाऊ लंडनला आणि वडीलधारी मंडळी नागपूर-औरंगाबादकडे. अशा समाजाने दर पंधरवड्यास एका जागी जमावे ही अपेक्षा व्यवहार्य नाही. ऑनलाइन बैठकीचे महत्त्व येथे आहे. रविवारी सायंकाळी सात ही वेळ घेतली, तर आपल्या हिवाळ्यात नागपुरात दुपारचे अडीच, लंडनला सकाळचे दहा आणि ऑकलंडला रात्रीचे नऊ वाजलेले असतात. ह्या वेळेस सर्वांना बसता येते. ऑक्टोबरात आपली घड्याळे तासभर पुढे जातात, तेव्हा नागपूरकरांना दीड वाजता बसावे लागेल, एवढेच लक्षात ठेवावयाचे.

मंडळ चालवावे कसे, ह्याचा एक नमुना आम्हां वैद्यकीय पेशातील लोकांपाशी आहे. १८७५ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात डॉ. विल्यम ऑस्लर ह्यांनी ‘जर्नल क्लब’ सुरू केला. वैद्यकाची नियतकालिके एकट्याच्या खिशाला परवडत नव्हती, म्हणून ती मिळून घ्यावीत आणि मिळून वाचावीत, हा मूळ हेतू. आज जगभरच्या रुग्णालयांत ही प्रथा चालू आहे. तिचे नियम थोडके आहेत. एकाने लेख मांडावयाचा, परंतु वाचून सर्वांनी यावयाचे. कनिष्ठातील कनिष्ठ डॉक्टरने प्रमुखांस प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा समजावयाचा नाही. टीका लेखावर करावयाची, माणसावर नाही. एवढे तीन नियम आपण उचलले तरी आपले वाचनमंडळ पुष्कळ वर्षे चालेल.

आमची योजना अशी. सभासद दहा-बारांहून अधिक नसावेत. वाढले तर दुसरे मंडळ काढावे. बैठक पंधरा दिवसांनी असावी. झूमच्या बिनपैशाच्या सोयीत चाळीस मिनिटांनंतर बैठक आपोआप बंद पडते, आणि आपल्या वक्त्यांचा उत्साह पाहता आम्ही तिला उपकारक मानतो. पाच मिनिटे मूळ उताऱ्याचे प्रकट वाचन, दहा मिनिटे मांडणी आणि पंचवीस मिनिटे चर्चा, अशी विभागणी करावी. मांडणीची पाळी सर्वांवर फिरती असावी आणि तीत गृहिणी, विद्यार्थी, आजोबा असे सारे यावेत. अध्यक्ष, सरचिटणीस, कोषाध्यक्ष नेमू नयेत. चार माणसे जमली की पदे निर्माण होतात आणि पदे निर्माण झाली की दुसरी संघटना जन्मास येते, हा आपला अनुभव जुना आहे. ज्या मंडळात मानही नाही आणि निधीही नाही, त्यात भांडणास कारण उरत नाही.

आरंभ कोणत्या ग्रंथाने करावा? आमच्या मते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाने, आणि आरंभाचा दिवस आषाढ पौर्णिमेचा असावा. महाराष्ट्रातील विहारांतून आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ह्याच ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. तिकडे तेव्हा पावसाची झड असते, आपल्याकडे थंडी. घरात बसून वाचण्यास दोन्ही ऋतू चांगले. ग्रंथाचे आठ खंड आहेत; पंधरवड्यास एक घेतला तर वर्षावासात बहुतेक वाचून होतात आणि राहिलेले त्यानंतरच्या एक-दोन बैठकांत पूर्ण करता येतात.

हा ग्रंथ निवडण्याचे खरे कारण मात्र निराळे आहे. महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली, प्रसिद्ध झालेल्या ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेब चार प्रश्न उपस्थित करतात. पहिला प्रश्न सिद्धार्थाच्या परिव्रज्येचा आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा त्यांना पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार आणि मृत्यू पाहिलेलाच नसावा हे कसे संभवते, असा त्यांचा सवाल आहे. आयुष्य रुग्णांत काढलेल्या आमच्यासारख्यांस तो सवाल फारच नेमका वाटतो. त्याऐवजी ते शाक्य आणि कोलीय ह्यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद पुढे आणतात. शाक्य संघाच्या सभेत सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, त्याचे मत अल्पमतात पडते आणि तो देशत्याग पत्करतो. ज्या ग्रंथाचा कर्ताच प्रश्न विचारून आरंभ करतो, आणि ज्याचा नायक भरसभेत एकाकी विरोध करतो, तो ग्रंथ हात जोडून ऐकावयाचा आणि शंका मनात ठेवावयाची, हे त्या दोघांनाही रुचले नसते.

आणि येथेच आमच्या मते सारा प्रश्न येऊन ठेपतो. आपल्या मुलांना शाळेत प्रत्येक विधानामागचे कारण विचारावयास शिकवितात. तीच मुले आपल्या कार्यक्रमात येतात तेव्हा आपण त्यांना फक्त वंदन शिकवितो. पंधराव्या वर्षी ती पुनर्जन्म नाही तर कर्म कसे, असे विचारतात. आपण ‘मोठा झालास की कळेल’ म्हणून विषय बंद करतो. वस्तुतः आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म ह्यांचा मेळ कसा घालावयाचा, हा त्या प्रस्तावनेतीलच एक प्रश्न आहे. म्हणजे मूल बाबासाहेबांच्या अगदी शेजारी येऊन उभे राहिलेले असते आणि आपणच त्यास दूर करतो. पाच-सात घरांच्या लहानशा मंडळात असा प्रश्न निःसंकोच विचारता येईल. मोठ्या सभेत तो विचारला जाणार नाही.

भाषेची अडचण खरी आहे. मुलांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. त्यावर दोन भाषांत वाचन हा मार्ग आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ सालचे, त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली आला. बेबीताई कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ सालचे. ते माया पंडित ह्यांनी २००८ साली इंग्रजीत आणले. आईने मराठी प्रत घ्यावी, मुलीने इंग्रजी, आणि दोघींनी एकच प्रकरण वाचून बैठकीस यावे. ‘बलुतं’ म्हणजे काय हे इंग्रजी प्रतीवरून कितीसे कळते, ह्यावरच एक बैठक रंगेल. फलटणला दुकान चालविताना बेबीताई पुड्यांसाठी आणलेल्या रद्दीतला मजकूर वाचीत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत, हे ज्या मुलीस कळेल, तिला पुस्तकाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. आणि सहा महिन्यांसाठी येथे आलेले आजी-आजोबा, जे दिवसभर बंद घरात खिडकीशी बसून असतात आणि ज्यांचा एकटेपणा आम्हांस दवाखान्यात नित्य दिसतो, त्यांना ह्या बैठकीत मानाचे स्थान मिळेल. येसकरपाळी कशी असे हे पुस्तकापेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे.

एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून ह्यांच्या संपादनाखाली काढले, ते भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात; ते अवश्य घ्यावेत. परंतु इतर लेखकांच्या पुस्तकांच्या छुप्या प्रती भ्रमणध्वनीवरून एकमेकांस पाठवू नयेत. आपले लेखक आणि लहान प्रकाशक विक्रीवरच जगतात. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने नियोजित भाषण रद्द केले तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले, आणि १५०० प्रतींची इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. ती विकत घेणारे वाचक होते, म्हणूनच त्या विचाराला व्यासपीठाची गरज उरली नाही.

पडद्यावरची भेट ही खरी भेट नव्हे, असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतील. तो निराधार नाही. विहारात शेजारी बसण्याची जागा पडदा घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये. परंतु आपली निवड पडदा की विहार अशी नसून, पडद्यावर वाचन की मुळीच वाचन नाही, अशी आहे. पंधरा दिवसांनी पडद्यावर भेटावे आणि ग्रंथ संपला की कोणाच्या तरी घरी किंवा पॅरामॅटा नदीकाठी डबे घेऊन जमावे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १८२८ साली स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुषांनी ‘रीडिंग रूम सोसायटी’ काढली आणि १८३१ साली तेथील स्त्रियांनी आपले साहित्यमंडळ स्थापिले. देशात गुलामगिरी चालू असताना त्यांनी जवळच्या साधनांनी वाचन केले. आपल्यापाशी साधनांची वाण नाही.

जात समुद्र ओलांडून आली आहे, हे आपण सारे जाणतो. २०२३ साली अमेरिकेतील सिॲटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावास कायद्याने बंदी केली, ती उगीच नव्हे. येथेही भाड्याची खोली पाहताना वा महाविद्यालयात ओळख होताना आपल्या मुलास पूर्ण आडनाव विचारले जाते, आणि पुढचा प्रश्न अर्धवट सोडला जातो. त्या क्षणी आई-बाप शेजारी नसतात. मुलाने मान खाली घालावी, की शांतपणे आपला इतिहास सांगावा, हे त्याने काय वाचले आहे त्यावर ठरेल.

म्हणून वाचकहो, ही स्मरणिका मिटण्यापूर्वी पाच मित्रांची नावे कागदावर लिहा आणि आज सायंकाळीच त्यांना दूरध्वनी करा. येत्या आषाढ पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी सायंकाळी सात वाजता पहिली बैठक भरवावी. ग्रंथाची प्रस्तावना सर्वांनी वाचून यावी, आणि मांडणीची पहिली पाळी घरातील सर्वांत लहान वाचकास द्यावी.

जय भीम!